‘ऑल्दो’ आला की मागून ‘बट’ का येतो

बारावीच्या वह्या तपासायला घेतल्या की एक वाक्य दरवर्षी भेटतंच, शब्द बदलतात पण सांगाडा तोच: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट टू कॉलेज.’ यातला बट खोडायचा हे मुलांना आठवीपासून सांगितलेलं असतं, विचारलं तर धडाधड सांगतात की ऑल्दो असला की बट नाही, आणि पुढच्याच पानावर परत तेच लिहून ठेवतात. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेवाली मुलं असतात, त्यातली काही पदवीधर आहेत, आणि त्यांच्याही वहीत हाच बट सापडतो. माझं आता पक्कं मत झालंय की ही निष्काळजीपणाची चूक नाहीये. ही मराठीच्या व्याकरणातून सरळ चालत आलेली, नियमाला धरून होणारी चूक आहे आणि ती जाणार असेल तर मराठीकडे बघूनच जाईल, खोडून खोडून नाही.

आधी नावाचं उरकून घेऊ. सबऑर्डिनेटिंग कंजंक्शन म्हणजे आपल्या शाळेतल्या मराठी व्याकरणातलं गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यय. दोन वाक्यं जोडायची, पण एक मुख्य राहणार आणि दुसरं त्याच्यावर अवलंबून. अँड, बट, ऑर, सो हे दोघांना सारखा मान देणारे, ते को-ऑर्डिनेटिंग. बिकॉज, ऑल्दो, इफ, अनलेस, व्हेन, व्हाइल, बिफोर, आफ्टर, अनटिल, सिन्स, ॲज, व्हेअर, व्हेदर, सो दॅट ही दुसरी जमात. ‘वी वेन्ट टू कॉलेज’ एकटं उभं राहतं, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग’ एवढंच म्हणून थांबलात तर समोरचा पुढे काय म्हणून तोंडाकडे बघत बसतो. व्याख्या एवढीच पुरे. मराठीच्या पुस्तकात याचे स्वरूपबोधक, उद्देशबोधक, कारणबोधक, संकेतबोधक असे चार प्रकार देतात, मुलं ते पाठ करून मार्कही मिळवतात, पण इंग्रजीच्या तासाला ते कुणी काढतच नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण कामाची चावी तिथेच पडलेली आहे.

ती चावी म्हणजे जोडी. मराठीत ही अव्ययं जोडीने येतात, जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसं-तसं, जोपर्यंत-तोपर्यंत, ‘ज’वाला शब्द गौण वाक्यात बसतो आणि ‘त’वाला मुख्य वाक्यात. हे फार जुनं आहे, संस्कृतात यदा-तदा, यदि-तर्हि, यद्यपि-तथापि, यावत्-तावत् अशाच जोड्या आहेत आणि हिंदी-गुजरातीतही हाच प्रकार चालतो. म्हणजे दोन वाक्यं जोडली तर दोन्हीकडे खूण पाहिजे अशी सवय मराठी मुलाच्या कानाला शाळेत जायच्या आधीच लागलेली असते. इंग्रजीत मात्र एका जोडाला एकच शब्द. एवढं सांगूनही बरेच शिक्षक थांबतात, मराठीत दोन, इंग्रजीत एक, संपलं. पण खरी गंमत याच्या पुढे आहे, कारण बोलताना मराठीही दोन शब्द वापरत नाही, एक गाळते, आणि कुठला गाळते ते बघायला पाहिजे.

‘पाऊस आला तर मी येणार नाही.’ यात ‘जर’ कुठेय? नाहीये, आणि कुणाला त्याची आठवणही होत नाही. आता उलटं करून बघा, ‘जर पाऊस आला, मी येणार नाही.’ लगेच अडखळायला होतं, इंग्रजी मालिकेचं घाईघाईत डबिंग केल्यासारखं वाटतं. ‘जर’ गेला तर चालतो, ‘तर’ गेला तर वाक्य मोडतं. तसंच ‘पाऊस होता तरी गेलो’ हे रोजचं मराठी, पण ‘जरी पाऊस होता, गेलो’ हे कुणी म्हणणार नाही. म्हणजे मराठीत जोडाचा सगळा भार ‘त’च्या शब्दावर आहे, मुख्य वाक्याच्या तोंडावर. ‘ज’चा शब्द पाहुणा, आला तर आला.

याचा पुरावा पाहिजे असेल तर म्हणी काढा, मी वर्गात हेच करते आणि मुलं अक्षरशः तुटून पडतात. असतील शितं तर जमतील भुतं. यात ‘जर’ नाही, ‘तर’ आहे. तळे राखी तो पाणी चाखी, इथे ‘जो’ नाही, ‘तो’ आहे. बळी तो कान पिळी. खाई त्याला खवखवे. करावे तसे भरावे. पिकतं तिथे विकत नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे. दिसतं तसं नसतं. एकेका म्हणीत ‘ज’ हरवलाय आणि ‘त’ जागच्या जागी आहे, आणि म्हणी म्हणजे शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात घासून घासून उरलेली भाषा, तिथे जे उरलं ते गरजेचं होतं म्हणूनच उरलं. सरकारी पत्रंही बघा, ‘तथापि’ जागोजागी सापडेल, त्याचा जोडीदार यद्यपि शेवटचा कधी वाचलात ते आठवून बघा.

आता इंग्रजीकडे या. ‘इफ इट रेन्स, आय वोन्ट कम.’ जोडीतला इफ म्हणजे आपला जर, तो जागेवर आहे, आणि देन म्हणजे तर, तो गळालाय. म्हणजे दोन्ही भाषा जोडीतला एक शब्द गाळतात, फक्त मराठी पहिला गाळते आणि इंग्रजी दुसरा गाळते! हे ज्या दिवशी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं त्या दिवशी वर्गात जो ‘अरेऽऽ’ निघाला तो मला अजून आवडतो. एकच म्हण दोन्ही भाषांत घ्या. मराठीत: इच्छा तिथे मार्ग. इंग्रजीत: व्हेअर देअर इज अ विल, देअर इज अ वे. मराठीने ‘जिथे’ टाकून दिला आणि ‘तिथे’ ठेवला. इंग्रजीने व्हेअर म्हणजे ‘जिथे’ ठेवला आणि ‘तिथे’ टाकून दिला. (इथे एक मुलगा हमखास हात वर करतो की मॅडम, पुढे देअर आहे की, तोच तिथे. नाही, तो देअर ‘देअर इज’ मधला, त्याचा अर्थ नुसतं ‘आहे’, म्हणून तर तो व्हेअरच्या मागेही एकदा आलाय आणि पुढेही एकदा आलाय.)

आता तो पहिला बट कुठून आला ते सांगते. मुलाच्या डोक्यात वाक्य मराठीत तयार होतं, ‘पाऊस होता तरी आम्ही कॉलेजला गेलो.’ यात जोडणारा शब्द एकच आहे, तरी, आणि तो कॉलेजच्या वाक्याला चिकटलेला आहे. मूल तरीचं भाषांतर करतं, बट किंवा स्टिल, आणि ते बरोबर त्याच जागी ठेवतं: ‘इट वॉज रेनिंग बट वी वेन्ट टू कॉलेज.’ हे इंग्रजी शंभर टक्के बरोबर आहे, फक्त कंपाउंड झालं, म्हणजे सारख्या मानाची दोन वाक्यं जोडली गेली, कॉम्प्लेक्स नाही, म्हणजे एक मुख्य आणि एक गौण असं झालं नाही. मग आठवतं की प्रश्नात ऑल्दो वापरा म्हटलंय. ऑल्दो म्हणजे जरी, आणि जरी हा मराठीत वरून आणायचा शब्द, तो आणला म्हणून ‘तरी’ काही जात नाही, उलट ‘जरी’ आला की ‘तरी’ यायलाच पाहिजे. म्हणून ऑल्दो पुढे येऊन बसतो आणि बट जागचा हलत नाही. मूल मराठीचे नियम चोख पाळत असतं. त्याला ‘तुझं लक्ष नाही’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून मी आता बट खोडायला सांगत नाही, मी ‘तरी’ खोडायला सांगते. आधी मराठी वाक्य पूर्ण जोडीनिशी लिहायचं, जरी पाऊस होता तरी आम्ही कॉलेजला गेलो, मग ‘त’चा शब्द पेन्सिलने उडवायचा, मग राहिलेल्याचं इंग्रजी करायचं. जर पाऊस आला ~~तर~~. जेव्हा तो आला ~~तेव्हा~~. जिथे रस्ता संपतो ~~तिथे~~. सुरुवातीला मुलांना हे मराठी फार विचित्र वाटतं आणि ते वाटायलाच पाहिजे, कारण इंग्रजीचा सांगाडा आपल्या भाषेत घातला की असाच दिसणार.

इंग्रजी कायम अशीच होती का, तर नाही, आणि हे कळल्यावर मला स्वतःला फार बरं वाटलं होतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत आपल्यासारख्याच जोड्या होत्या, त्यात ‘था’ असा एक शब्द होता, तोच पहिल्या वाक्याच्या तोंडी आला की जेव्हा आणि दुसऱ्याच्या तोंडी आला की तेव्हा, आणि क्रियापद कुठे बसलंय त्यावरून कुठलं वाक्य मुख्य ते ओळखायचं. पुढे भाषेने त्या जोड्या सोडत आणल्या. पण सगळ्या सोडल्या नाहीत. ‘द मोअर द बेटर’ ही आजही जोडी आहे, जितकं जास्त तितकं चांगलं, दोन्हीकडे द. ‘दो’ (ऑल्दोच्याच अर्थाचा) आणि ‘येट’ ही जोडीही बराच काळ टिकली, 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ती ठिकठिकाणी दिसते, आणि ऑल्दोच्या पुढे येट आलेला आजही चूक धरत नाहीत, जरा जुन्या वळणाचा वाटतो इतकंच. चूक धरतात ती बटची, कारण बट दोघांना सारखा मान देणारा आणि ऑल्दोने तर एकाला आधीच खालच्या पायरीवर बसवलेलं. आणि इफ-देन तर गणितवाले आणि कॉम्प्युटरवाले सोडायलाच तयार नाहीत, 1964 साली आलेल्या बेसिक भाषेत इफ लिहिलं की पुढे देन असायचा, पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेने मात्र देन टाकून नुसता कोलन ठेवला. कॉम्प्युटरला जाणारी मुलं असली की हे उदाहरण त्यांना पटकन पोचतं.

ऑल्दोपेक्षाही जास्त खोलवर रुतलेली चूक अनटिलची आहे. ‘आय विल नॉट ईट अनटिल यू डोन्ट कम.’ हे तुम्ही ऑफिसात ऐकलं असेल, मेलमध्ये वाचलं असेल, चांगल्या शिकलेल्या माणसांकडून, महाराष्ट्रातच काय दिल्लीलाही, कारण हिंदीतही ‘जब तक तुम नहीं आते’ असंच आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी जेवणार नाही.’ दोन्हीकडे ‘नाही’ आहे. मराठीचा विचार असा की तुझं न येणं जितका वेळ चालू आहे तितका वेळ माझं न जेवणं चालू आहे, म्हणजे काळाचे दोन पट्टे शेजारी ठेवलेत. इंग्रजीचा अनटिल पट्टा बघत नाही, तो पट्टा जिथे संपतो तो बिंदू दाखवतो, आणि तो बिंदू म्हणजे तुझं येणं, न येणं नाही. म्हणून ‘अनटिल यू कम’. बरं, मराठीकडे असा बिंदू दाखवणारा प्रयोगही आहे की, ‘तू येईपर्यंत मी जेवणार नाही’, यात येण्यापाशी ‘नाही’ कुठेच नाही! मग मी मुलांना सांगते की अनटिल दिसलं की ‘येत नाहीस तोपर्यंत’ सोडा आणि ‘येईपर्यंत’ पकडा. करेपर्यंत, मिळेपर्यंत, संपेपर्यंत. हे रूप पकडलं की डोन्ट आपोआप जातो, नियम सांगावाच लागत नाही.

अनलेसचं पण तेच दुखणं, फक्त तिथे नकार शब्दाच्या पोटातच आहे. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’ असं लिहून मुलं म्हणायचं त्याच्या बरोबर उलटं म्हणून बसतात, अभ्यास केलास तर नापास होशील असा अर्थ होतो त्याचा. परीक्षेत ‘इफ-नॉट काढून अनलेस वापरा’ असा प्रश्न येतो, तिथे नॉट गिळायचा की नाही यावर सगळे मार्क.

पण ‘येईपर्यंत’ मध्ये एक खड्डा आहे, तो दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण मी हे शिकवायला लागल्यावर मुलं हमखास त्यातच पडायला लागली. ‘मी स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटली होती.’ मुलं लिहितात, ‘अनटिल आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मराठीत हे वाक्य आणि ‘मी पोचेपर्यंत गाडी थांबली’ हे वाक्य, दोन्हीकडे पोचेपर्यंतच आहे, काही फरक दिसत नाही. पण थांबणं हे ताणून चालणारं काम आहे, मी पोचेन तिथवर ते चालू राहिलं, तिथे अनटिल. सुटणं एका क्षणात होऊन जातं, ते माझ्या पोचण्याच्या आधी कधीतरी होऊन गेलं, तिथे अनटिल चालतच नाही, तिथे ‘बाय द टाइम’. ‘बाय द टाइम आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मराठीत हा फरक क्रियापदाच्या स्वभावातून आपोआप कळतो म्हणून जोडणाऱ्या शब्दाला तो सांगावा लागत नाही, इंग्रजीत तो जोडणाऱ्या शब्दानेच सांगायचा असतो. इथे मी घाई करत नाही, दोन-तीन तास याच्यावरच जातात. मुलांना क्रियापदं देते, वाट बघणं, झोपणं, उकळणं, फुटणं, संपणं, पोचणं, आणि विचारते हे ताणता येतं का. वाट तासभर बघता येते, काच तासभर फुटत नाही. ‘दूध उकळेपर्यंत गॅस बंद करू नकोस’ याला अनटिल, ‘मी किचनमध्ये जाईपर्यंत दूध उतू गेलं होतं’ याला बाय द टाइम.

तसं बघितलं तर जोडणारा सुटा शब्द मराठीला बऱ्याचदा लागतच नाही, ती क्रियापदालाच शेपूट लावते. आल्यावर, जेवताना, निघण्याआधी, पडल्यामुळे, मिळावं म्हणून. आफ्टर, व्हाइल, बिफोर, बिकॉज, सो दॅट ही सगळी मंडळी आपल्याकडे शब्दाच्या शेवटी चिकटलेली सापडतात आणि इंग्रजीत गौण वाक्याच्या अगदी सुरुवातीला. नवशिक्या मुलाला इंग्रजी वाक्य सुरूच करता येत नाही, तोंड उघडून गप्प बसतं, त्याचं एक कारण मला हेच वाटतं, की मराठीत ‘आई बाजारातून घरी आल्यावर’ एवढं सगळं बोलून झाल्यावर ‘वर’ येतो, आणि इंग्रजीत तो आफ्टर सगळ्यात आधी तोंडातून काढायचा असतो, म्हणजे दोन वाक्यांचं नातं काय ते बोलायच्या आधी ठरवून बसावं लागतं. तोंडी सरावात मी फक्त एवढंच विचारते, आधी नातं सांग. कारण आहे का, वेळ आहे का, अट आहे का, विरोध आहे का. ते ठरलं की पहिला शब्द सापडला, आणि पहिला शब्द सापडला की बाकीचं वाक्य पडत-झडत का होईना येतं.

‘पोचल्या पोचल्या फोन केला’ हे मात्र मराठीचं खास लेणं आहे, दोनदा म्हटलं की लगेच हा अर्थ आलाच. इंग्रजीत त्याला ‘ॲज सून ॲज’. आणि परीक्षेत त्याचं ‘नो सूनर’ करायला सांगतात, ‘नो सूनर डिड आय रीच दॅन आय कॉल्ड’, तिथे लक्षात ठेवायचं एवढंच की सूनर ही तुलना आहे, आणि तुलनेबरोबर दॅन येतो, व्हेन नाही. हार्डलीबरोबर व्हेन. बास, याच्यात यापेक्षा जास्त काही नाही, प्रत्यक्ष बोलण्यात हे कुणी फारसं वापरतही नाही.

बिकॉजबद्दल थोडं. मराठीत कारण हा शब्द नेहमी दुसऱ्या वाक्याच्या तोंडी येतो, ‘मी आले नाही, कारण बस चुकली.’ कारणाचं वाक्य आधी टाकायचं असेल तर आपण कारण वापरतच नाही, ‘बस चुकली म्हणून आले नाही’ म्हणतो, म्हणजे परत जोड मुख्य वाक्याच्या अलीकडे येऊन थांबला. इंग्रजीत बिकॉज दोन्हीकडे चालतो, पुढेही आणि मागेही. आणि बिकॉज पुढे घेतला की मराठी मूल म्हणूनसाठी सो आणतंच, ‘बिकॉज आय मिस्ड द बस, सो आय वॉज लेट’, तीच जोडीची सवय. त्यात शाळेत कुणीतरी सांगितलेलं असतं की बिकॉजने वाक्य सुरू करायचंच नाही. हा नियम नाही हो, तो लहान मुलांसाठी केलेला एक बंदोबस्त आहे, ‘व्हाय वेअर यू लेट?’ याचं उत्तर म्हणून पोरं वहीत नुसतं ‘बिकॉज आय मिस्ड द बस.’ लिहून पूर्णविराम देतात, ते अर्धं वाक्य होऊ नये म्हणून. पुढे मुख्य वाक्य येत असेल तर बिकॉजने बिनधास्त सुरुवात करा, फक्त मध्ये स्वल्पविराम द्या. गौण वाक्य आधी तर स्वल्पविराम, गौण वाक्य मागे तर बहुतेक वेळा नाही.

काळाचा घोळही इथेच होतो. ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम.’ मराठीत ‘तो येईल तेव्हा सांगेन’ म्हणतो ना, दोन्हीकडे भविष्य, म्हणून विल दोनदा. इंग्रजीत व्हेन, इफ, अनटिल, बिफोर, आफ्टर यांनी सुरू होणाऱ्या अशा वाक्यात भविष्य साध्या वर्तमानात जातं, ‘व्हेन ही कम्स’. मुलं म्हणतात हा काय विचित्र नियम, उद्याच्या गोष्टीला वर्तमान कसा. मग मी विचारते, ‘तो आला की सांगते’ असं आपण म्हणतो की नाही? उद्या येणाऱ्या माणसाला आपण आला म्हणतो, चक्क भूतकाळाचं रूप! ‘पाऊस आला तर’, ‘पगार झाला की’, ‘निकाल लागल्यावर’. म्हणजे जोडाच्या अलीकडचं क्रियापद खऱ्या काळाशी प्रामाणिक नसतं हे मराठीतही आहेच, इंग्रजीवर एवढं रागवायचं कारण नाही.

आणि ‘सांगितलं असतंस तर आले असते’ यात मराठी दोन्हीकडे असतं-असते लावते, म्हणून मुलं वुड हॅव दोन्हीकडे लावतात, ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम’. परीक्षेत हे चुकतं, इफकडे हॅड आणि मुख्य वाक्याकडे वुड हॅव. इथे एक सुंदर गोष्ट आहे, इंग्रजीत इफ गाळायची सोयही आहे, पण गाळला की त्याच्या जागी क्रियापद उठून पुढे येतं: ‘हॅड यू टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ म्हणजे शब्द गेला तरी गौण वाक्याच्या तोंडावरची खूण इंग्रजीने सोडली नाही. खरा अपवाद एकच, दॅट. ‘आय नो ही इज इल’ मध्ये दॅट बिनधास्त गळतो आणि त्याच्या जागी काहीच येत नाही.

दॅटवरून आठवलं, ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग.’ आपण म्हणतो, त्याने विचारलं की तू कुठे चाललीस, ‘की’ आहे आणि ‘कुठे’ पण आहे, दोन्ही सुखाने नांदतात. इंग्रजीत व्हेअर स्वतःच जोडायचं काम करतो, त्यामुळे दॅटला जागा उरत नाही. आणि व्हेअरने जोडायचं काम घेतलं की तो प्रश्न राहत नाही, म्हणून आर यू गोइंग हा प्रश्नाचा क्रम पण जातो, ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’. हो किंवा नाही अशा उत्तराचा प्रश्न असेल तर व्हेदर किंवा इफ. ‘येणार का विचार’ मधला तो का आहे ना, तोच.

सिन्स, ॲज, व्हाइल यांना दोन-दोन अर्थ आहेत म्हणून मुलं घाबरतात. सिन्स म्हणजे पासून पण आणि कारण पण, व्हाइल म्हणजे असताना पण आणि ‘एकीकडे हे तर दुसरीकडे ते’ असं पण. काळावरून बहुतेक वेळा सुटतं, ‘सिन्स ही लेफ्ट’ च्या पुढे हॅव किंवा हॅज असलं की पासून. न सुटलं तर लिहिणाऱ्यानेच बिकॉज लिहायला हवं होतं असं मी स्पष्ट सांगते, शंका येईल असा शब्द वापरून काय मिळवायचंय?

जोडीचा हाच खेळ हू, विच, दॅट वाल्या वाक्यांतही आहे, ती कंजंक्शन नाहीत, रिलेटिव्ह प्रोनाउन आहेत, पण सवय तीच. ‘काल जो मुलगा आला होता तो माझा भाऊ.’ याचं इंग्रजी येतं, ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.’ हा इंग्रजी ‘ही’ म्हणजे आपला ‘तो’. पेन्सिलने उडवायचा. पण बोलताना आपण ‘काल आला होता तो माझा भाऊ’ असं म्हणतो ना, जो गाळून, तसं इंग्रजीत हू गाळून बघितलं तर वाक्य कोसळतं, ‘द बॉय केम यस्टरडे इज माय ब्रदर’ होत नाही. ‘द बॉय आय मेट यस्टरडे’ मध्ये मात्र गाळलेलं चालतं, कारण तिथे मुलगा भेटणारा नाही, भेटलेला आहे, म्हणजे कर्म आहे. कर्ता असेल तर हू ठेवायचा, कर्म असेल तर मर्जी. अकरावीच्या बॅचबरोबर सध्या आमचं हेच चाललंय, आणि वहीत अजून ‘ही’ सापडतायत, पण आता मुलं ती स्वतःच शोधून खोडतात आणि शेजारी मराठीत तो लिहून ठेवतात.